उजव्या टोकाची मुलगी

एकदा एका व्यापाऱ्याने आपल्या मुलीच्या बेसबॉल संघाला थोडासा हातभार लावण्याचे मनावर घेतले, आणि सहा आठवड्यांत तो इतका वैतागला, की जिच्यासाठी हा उद्योग आरंभला होता त्या मुलीलाच संघातून वगळण्याचे त्याने ठरवले.

हा व्यापारी मोठा व्यवस्थित गृहस्थ होता. तालुक्याच्या गावी त्याचे फरशा, नळ आणि पाइपांचे दुकान होते. दुकानातल्या प्रत्येक फळीला क्रमांक होता आणि पाइप वळवायचा अर्ध्या इंचाचा एल्बो कुठल्या खणात आहे हे त्याने डोळे मिटून सांगितले असते. नोकरमाणसे त्याला वचकून असत. पण त्याच्या हाताखाली काम शिकलेला मनुष्य पुढे कुठे अडत नसे, हेही तितकेच खरे होते.

मुलीच्या शाळेत बेसबॉलचा संघ होता. क्रिकेटच्या दूरच्या नात्यातला हा खेळ त्या गावात फारसा कोणी पाहिलेला नव्हता. शाळेच्या क्रीडाशिक्षिकेने चौदा मुली जमवून तो मोठ्या कष्टाने रुजवला होता. ऐन स्पर्धेच्या तोंडावर त्या बाईंना तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला जावे लागले. मुख्याध्यापिकेने पालकांची सभा घेतली आणि रोज संध्याकाळी पाच ते सहा मैदानावर कोणी थांबू शकेल का, असे विचारले. त्याबरोबर सगळे पालक आपापल्या मोबाइलमध्ये पाहू लागले. व्यापाऱ्याची अकरा वर्षांची चैताली त्या संघात होती आणि घरी दोन दिवस ती दुसरे काही बोलत नव्हती. त्याने हात वर केला. व्हिडिओ पाहून नियम पाठ केले, एका वहीत सरावाचे वेळापत्रक आखले, आणि सोमवारी शिट्टी गळ्यात अडकवून तो मैदानावर दाखल झाला.

त्याने पहिले काम केले ते मैदान आखण्याचे. शाळेच्या मैदानाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात भिंतीला लागून एक जुना कडुनिंब आहे. त्याच्या सावलीत पालकांसाठी खुर्च्या मांडता येतील आणि स्वतःलाही नीट उभे राहता येईल, म्हणून त्याने फलंदाजीची जागा त्या झाडापुढेच धरली आणि तिथून चुन्याच्या फक्कीच्या रेषा मारल्या. दोरी लावून मारलेल्या त्या रेषा इतक्या सरळ होत्या, की मुख्याध्यापिकेने मुद्दाम येऊन कौतुक केले.

कौतुकाचा तो पहिला आणि शेवटचा दिवस.

मंगळवारी चौदापैकी नऊ मुली आल्या. बुधवारी तेरा आल्या, पण त्यांतल्या चौघी साडेपाचला शिकवणीला निघून गेल्या. चेंडू अडवायला उभी केलेली मुलगी खाली बसून मातीत घरे काढी. फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या जागी एका वकिलांची मुलगी प्रांजल होती. लोखंडी जाळीचा मुखवटा चढवला की तिला हसू आवरत नसे, आणि ती हसू लागली की चेंडू टाकणारी हुमेराही हसत सुटे. मग पाच मिनिटे काही होत नसे. डावखुऱ्या मुलीचा ग्लोव्ह उजव्या हाताने खेळणाऱ्या मुलीकडे जाई. चेंडू भिंतीपलीकडच्या गाजर गवतात जाई आणि एका चेंडूमागे सहा मुली भिंत चढून जात. पाणी पिण्याची सुट्टी पाच मिनिटांची म्हणून दिली की वीस मिनिटांची होई, कारण टाकीच्या नळाखाली कोणीतरी कोणाला भिजवलेले असे आणि त्याचा निवाडा व्यापाऱ्याला करावा लागे.

मुलींचे एक वेळ ठीक. पालक त्याहून कठीण होते. त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सकाळी सात वाजल्यापासून विचारणा सुरू होत. चेंडू लागतो का, लागला तर किती लागतो, पांढरी चड्डी नसेल तर निळी चालेल का, आज सराव आहे का. सराव रोज असे, आणि आज आहे का हे रोज कोणीतरी विचारी. वकीलसाहेब संध्याकाळी कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसत आणि पाय पसरून सूचना देत. क्रिकेटमध्ये असे करत नाहीत, हे ते दर दहा मिनिटांनी सांगत. व्यापारी आधी समजावून सांगत होता. मग मोठ्याने सांगू लागला. तिसऱ्या आठवड्यापासून तो ओरडू लागला, आणि त्याचे त्यालाही कळले नाही.

या सगळ्यात चैतालीचे काय करायचे हा प्रश्न त्याने पहिल्याच दिवशी सोडवला होता. आपल्या मुलीला चांगली जागा दिली असे कोणी म्हणू नये, म्हणून त्याने तिला मैदानाच्या पार उजव्या टोकाला उभे केले. बहुतेक मुली चेंडू डावीकडे मारतात. उजव्या टोकाला तासाभरात तीन-चार चेंडू येतात, आणि येतात ते उंच, आकाशातून. चैतालीकडून ते सुटत. एक समोर पडे, एक डोक्यावरून जाई, एकदा तर तो तिच्या पायाशी पडला आणि ती दुसरीकडेच पाहत होती. व्यापाऱ्याला इतर मुलींच्या चुकांचा राग येई. या चुकांची त्याला लाज वाटे. म्हणून इतरांवर तो एकदा ओरडत असेल, तर तिच्यावर तीनदा ओरडे.

चौथ्या आठवड्यात चैतालीने आईला सांगितले की आपल्या डोळ्यांना काहीतरी झाले आहे. इतर सगळ्यांना चेंडू दिसतो, आपल्याला दिसत नाही. आईने तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी तपासले आणि डोळे उत्तम असल्याचे सांगितले. ही बातमी ऐकून आईला बरे वाटले. व्यापारी मात्र आणखी चिडला. डोळे ठीक आहेत, याचा अर्थ लक्ष नाही, असे तो जेवताना म्हणाला. चैताली खाली मान घालून भात कालवत राहिली. त्या दिवसानंतर तो दुकानातून घरी येण्याआधीच ती जेवून घेऊ लागली. मैदानावर जाताना पूर्वी स्कूटरवर मागे बसून तिची अखंड बडबड चाले. आता ती दप्तर मांडीवर घेऊन गप्प बसे. शेजारच्या तालुक्याच्या संघाशी सामना दहा दिवसांवर आला तेव्हा तिने बूट माळ्यावर टाकले आणि आपल्याला खेळायचे नाही, असे आईजवळ सांगितले.

व्यापाऱ्याला हा निरोप कळला तेव्हा त्याला प्रथम सुटल्यासारखे वाटले, आणि तसे वाटल्याचा मग दिवसभर त्रास होत राहिला.

त्या गावात एक वृद्ध क्रीडाशिक्षक राहत. वय ऐंशीच्या घरात. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना दोन तपे होत आली होती, तरी सगळे त्यांना गुरुजीच म्हणत. मैदानाच्या पूर्वेला पाण्याच्या टाकीजवळ एक कट्टा आहे, त्यावर ते रोज संध्याकाळी टोपी कपाळावर ओढून बसत आणि अंधार पडू लागला की काठी टेकत घरी जात. व्यापारी लहानपणी त्यांच्या हाताखाली व्हॉलीबॉल खेळला होता. गेल्या सहा आठवड्यांत येता-जाता त्याने त्यांना नमस्कार केला होता, पण दोन शब्द बोलायला त्याला सवड झाली नव्हती.

त्या दिवशी सराव आटोपल्यावर तो कट्ट्यावर गेला आणि त्याने मन मोकळे केले. मुली ऐकत नाहीत, पालक जगू देत नाहीत, दुकानाकडे दुर्लक्ष होते आहे, घशाला कोरड पडते, आणि एवढे करून पोटची मुलगी तोंड फिरवते. सामना झाला की शिट्टी परत करणार, हे त्याने सांगितले. त्याआधी चैतालीला संघातून काढणार, म्हणजे तिचीही सुटका आणि आपलीही, हेही सांगितले. यावर गुरुजींनी ठीक आहे म्हणावे, एवढीच त्याची अपेक्षा होती.

गुरुजींनी सारे ऐकून घेतले. मग इतकेच म्हणाले, “उद्या तिला घेऊन ये. आणि तू खेळायचे बूट घालून ये.”

दुसऱ्या दिवशी पाच वाजता गुरुजी काठी टेकत थेट मैदानात आले. त्यांनी हात पुढे केला आणि व्यापाऱ्याच्या गळ्यातली शिट्टी मागून घेतली. नंतर त्यांच्या निरोपावरून आलेल्या चैतालीला जवळ बोलावले, तिच्या हातातला ग्लोव्ह काढला आणि तिला कडुनिंबाखालच्या खुर्चीत नेऊन बसवले. तो ग्लोव्ह त्यांनी व्यापाऱ्याच्या हातात दिला. काठीने मैदानाचे उजवे टोक दाखवले आणि मी शिट्टी वाजवीपर्यंत तिथून हलायचे नाही, असे बजावले.

व्यापारी गोंधळला. असेल काही युक्ती, म्हणून त्याने हसण्यावारी नेण्याचा प्रयत्न केला. गुरुजी हसले नाहीत. झाडाखाली सात-आठ पालक बसले होते. वकीलसाहेबांनी चष्मा सारखा केला आणि खुर्ची थोडी पुढे ओढली. चव्वेचाळीस वर्षांचा, गावात मान असलेला तो मनुष्य मुलीचा इवलासा ग्लोव्ह चार बोटांवर कसाबसा चढवून उन्हातून चालत गेला आणि सांगितल्या जागी उभा राहिला. गुरुजी झाडाखाली गेले आणि त्यांनी सराव सुरू करण्याची खूण केली.

पहिली पंधरा मिनिटे त्याच्याकडे चेंडू आला नाही. तो वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून, व्हिडिओत पाहिल्याप्रमाणे सज्ज राहिला होता. मग कंबर भरून आली आणि तो सरळ उभा राहिला. आश्विनातले ऊन तोंडावर येत होते. तिकडे मुली काहीतरी बोलत होत्या, हसत होत्या. इथवर नुसते आवाज येत होते, शब्द येत नव्हते. कोणी खूण केली तरी ती कोणासाठी आहे हे कळत नव्हते. पायाशी मुंग्यांची रांग होती, ती तो पाहू लागला. मग त्याला आठवले की बाथरूमच्या फरशांचा ट्रक आज यायचा आहे आणि माल उतरवून घ्यायला दुकानात एकच माणूस आहे. ट्रकचा विचार पुरा व्हायच्या आत तिकडे बॅटचा टणत्कार झाला आणि मैदानातली सगळी तोंडे एकदम त्याच्याकडे वळली.

त्याने वर पाहिले. वर सूर्य होता.

त्याला चेंडू दिसला नाही. काहीच दिसले नाही; डोळ्यांपुढे पांढरा शुभ्र पडदा आणि त्यात फिरणारी काळी वर्तुळे. त्याने ग्लोव्ह उगाच वर धरला. चेंडू त्याच्या मागे चार पावलांवर धप्प करून पडला.

दुसऱ्या वेळी तो आधीच सावध होता, तरी तसेच झाले. चेंडू बॅटवरून निघाला एवढे त्याने पाहिले, मग तो थेट त्या तेजात शिरला आणि नाहीसा झाला. या वेळी तो खांद्यावर आदळला. चेंडू किती लागतो, या प्रश्नाचे उत्तर त्याला मिळाले. तिसऱ्या वेळी तो भलत्याच दिशेला धावला. मुली हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरे झाले असते, असे त्याला वाटून गेले. त्याच सुमारास झाडाखालून वकीलसाहेबांचा भरदार आवाज आला.

“अहो, लक्ष कुठे आहे तुमचे? नुसते बघायचे तर आहे.”

व्यापाऱ्याच्या कानशिलापर्यंत रक्त चढले. सावलीत बसून बोलायला काय जाते, असे त्याच्या ओठांवर आले होते. ते त्याने गिळले, कारण ते वाक्य आपल्यालाही लागू पडते हे त्याच्या ध्यानात येऊ लागले होते. त्याने गुरुजींकडे पाहिले. शिट्टी वाजेल अशी त्याची आशा होती. गुरुजींनी शिट्टी मुठीत धरली होती आणि ते त्याच्याकडे पाहत होते.

तेवढ्यात खुर्चीतून चैताली उठली. तिला कोणी जा म्हटले नव्हते. ती रेषा ओलांडून, सगळे मैदान तिरपे चालत बापापाशी आली आणि जरा अंतर ठेवून उभी राहिली. गेल्या दोन आठवड्यांत ती त्याच्याशी आपण होऊन बोलली नव्हती. आता बोलली ती खालच्या आवाजात, तिकडे ऐकू जाऊ नये अशा बेताने.

“पप्पा, वर सरळ नाही बघायचं. असं आडवं उभं राहायचं, आणि ग्लोव्ह आधीच सूर्यावर धरायचा. ग्लोव्हच्या कडेनं बघायचं. बॅटचा आवाज जोरात आला तर मागं सरकायचं, हलका आला तर पुढं.” थोडे थांबून ती म्हणाली, “तरी पण दिसतोच असं नाही.”

“हे तुला कोणी शिकवलं?”

“कुणी नाही. मीच करून बघितलं.”

“मग मला का नाही सांगितलंस, इथं ऊन डोळ्यांत येतं म्हणून?”

चैतालीने त्याच्याकडे पाहिले. तिच्या नजरेत राग नव्हता, आश्चर्य होते.

“सांगितलं होतं. दुसऱ्याच दिवशी. तुम्ही म्हणालात, सबबी सांगायच्या नाहीत. सगळ्यांसमोर.”

व्यापाऱ्याला ते आठवेना. त्याने आठवण्याचा प्रयत्न केला. त्या मंगळवारी किती मुली आल्या होत्या, कोणता चेंडू हरवला होता, कोणाचा ग्लोव्ह कोणाकडे गेला होता, सारे त्याच्या वहीत होते. मुलीने आपल्याला काही सांगितल्याची नोंद मात्र त्याच्यापाशी कुठेच नव्हती. ते त्याने ऐकलेच नव्हते. ऐकण्याआधीच उत्तर दिले होते. आणि तिने काय केले? आपलेच डोळे बिघडले असतील, अशी स्वतःची समजूत घातली.

आणखी एक चेंडू आला. त्याने मुलीने सांगितल्याप्रमाणे आडवे उभे राहून ग्लोव्ह सूर्यापुढे धरला. क्षणभर त्याला चेंडूचा काळा ठिपका दिसलासुद्धा. तो ग्लोव्हच्या टोकाला लागला आणि खाली पडला. गुरुजींनी शिट्टी वाजवली.

सराव संपला. मुली पाणी प्यायला गेल्या. व्यापारी खांदा चोळत गुरुजींपाशी आला. तो वरमला होता, तरी त्याचा वैताग गेला नव्हता. त्या वैतागाने फक्त जागा बदलली होती.

“गुरुजी, तुम्हाला हे ठाऊक होतं?”

“पहिल्या दिवसापासून. माझा कट्टा पूर्वेलाच आहे. पाच वाजल्यानंतर तुझ्याकडे पाहायचं तर मला टोपी नाकावर ओढावी लागते.”

“मग तेव्हाच सांगायचं. मी रेषा पुसून दुसऱ्या कोपऱ्यात मारल्या असत्या. दहा मिनिटांचं काम होतं.”

“म्हणूनच सांगितलं नाही,” गुरुजी म्हणाले. “दहा मिनिटांत तू मैदान सुधारलं असतंस, आणि अकराव्या मिनिटाला पुन्हा ओरडायला लागला असतास. आज ऊन होतं, उद्या दुसरं काही असतं. मैदान जिथून आखलंस तिथूनच तू ते रोज पाहत होतास. तिथून सगळं स्वच्छ दिसतं. चेंडू दिसतो, सुटलेला झेल दिसतो, मुलीची चूक दिसते. तिच्या डोळ्यांत काय जातं तेवढं दिसत नाही. ते कळायला तिथवर चालत जावं लागतं, किंवा ती सांगते तेव्हा थांबून ऐकावं लागतं. तू दोन्ही केलं नाहीस. यात तू फार वाईट माणूस आहेस असं नाही. तू सावलीत होतास, इतकंच.”

व्यापाऱ्याने हातातला इवलासा ग्लोव्ह उलटसुलट करून पाहिला. मग त्याने मान वर केली.

“तुमचं पटतं, गुरुजी. पण एक विचारतो. मला शहाणपण येईपर्यंत तुम्ही वाट पाहिलीत. त्या सहा आठवड्यांत तिनं स्वतःला आंधळी समजून घेतलं. ते कोणाच्या खात्यावर?”

शिष्याने गुरूला असे विचारण्याची पद्धत नाही. जवळ उभे असलेले वकीलसाहेबसुद्धा चपापले. गुरुजींनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि ती पुन्हा घातली.

“ते माझ्याकडेच,” ते म्हणाले. “तू विचारायला येशील म्हणून मी बसून राहिलो. मला वाटलं, वैतागलेला मनुष्य आठवड्याभरात येईल. तुझा वैताग मी मोजत बसलो, पोरीचा मोजायचा राहिला. मीही कट्ट्यावरूनच पाहत होतो.”

ते काठी टेकत टाकीकडे गेले. तिथे मुलींच्या घोळक्यात चैताली ओंजळीने पाणी पीत होती. गुरुजी तिच्याशी काय बोलले ते कोणाला ऐकू आले नाही. एवढे मात्र सगळ्यांनी पाहिले, की ऐंशी वर्षांच्या त्या वृद्धाने अकरा वर्षांच्या मुलीपुढे टोपी काढून मान लववली, आणि काय करावे हे न कळून ती मुलगी त्यांच्या पाया पडली.

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याने सगळ्या मुलींना गोल बसवले आणि मैदान कोणत्या कोपऱ्यातून आखावे, असे त्यांनाच विचारले. हे सहा आठवड्यांपूर्वी विचारले असते तर सोपे गेले असते. आता चौदा मुलींची चौदा मते निघाली. हुमेराने तर पुरावा म्हणून चारही कोपऱ्यांत उभे राहून डोळे किलकिले करून दाखवले. तासातला अर्धा तास त्यातच गेला. व्यापाऱ्याने दोनदा तोंड उघडले आणि दोनदा मिटले. शेवटी पूर्वेच्या बाजूने, टाकीजवळून रेषा मारायच्या असे ठरले. मुलींनी त्या स्वतः मारल्या. त्या वाकड्या आल्या.

पालकांच्या खुर्च्या आता उन्हात आल्या. वकीलसाहेबांनी याबद्दल सविस्तर हरकत नोंदवली, गटावरही लिहिली, आणि दुसऱ्या दिवशी ते छत्री घेऊन आले. उन्हात बसून फार वेळ सूचना देता येत नाहीत, असे मात्र दिसून आले. मुली पूर्वीइतक्याच उशिरा येत राहिल्या, मुखवटा चढवल्यावर प्रांजलला पूर्वीइतकेच हसू येत राहिले, आणि आज सराव आहे का, हे विचारणे कोणी थांबवले नाही. व्यापारी अजून वैतागत होता. फक्त ओरडण्यापूर्वी तो त्या मुलीजवळ चालत जाऊ लागला, आणि चालत जाईपर्यंत ओरडण्याजोगे फारसे काही उरत नसे.

रविवारी सामना झाला. तो दुसऱ्या गावी होता, मैदान दुसऱ्यांचे होते, आणि तिथले ऊन कुठून येणार हे कोणाच्या हाती नव्हते. चैताली उजव्या टोकालाच उभी राहिली. आपण होऊन राहिली. ही जागा मला येते, असे तिने सांगितले. तिच्याकडे सगळ्या सामन्यात चार चेंडू आले. दोन तिने झेलले. एक तिला गाठताच आला नाही. चौथा हातात येऊन सुटला, आणि त्यावर समोरच्या संघाच्या दोघींनी धावा पूर्ण केल्या. संघ तीन धावांनी हरला. तो झेल सुटला तेव्हा व्यापारी खुर्चीतून उठून उभा राहिला होता. शेजारच्या पालकांनी कानांची तयारी केली. तो तसाच उभा राहिला आणि थोड्या वेळाने खाली बसला.

संध्याकाळी जीपमधून सगळ्या शाळेपाशी उतरल्या. व्यापाऱ्याने स्कूटर काढली, चैताली मागे बसली. बाजारपेठेच्या वळणावर त्याने विचारले, “तो चौथा चेंडू... तिथून कसा दिसला?”

ती आधी स्कूटरच्या आरशातून त्याच्याकडे पाहत राहिली, बाप खरेच विचारतो आहे का याचा अंदाज घेत असल्यासारखी. मग सांगू लागली. पण चौथ्या चेंडूपासून नाही, अगदी पहिल्या डावापासून. समोरची पिचर चेंडू टाकण्याआधी ओठ चावते हे तिच्या कसे लक्षात आले, वारा कुठून होता, दुसऱ्या झेलाच्या वेळी सूर्य कुठे होता. दुकानावरून फोन आला, त्याने तो घेतला नाही. घर आले, स्कूटर बंद झाली, तरी ती दुसऱ्याच डावात होती. व्यापारी दोन्ही पाय जमिनीला टेकून तसाच गाडीवर बसून राहिला. आवाज ऐकून पत्नीने दार उघडले. उशीर का झाला, हे विचारायला ती आली होती. पण दोघांकडे पाहून तिने दार हलकेच लोटून घेतले आणि ती आत जाऊन पाने घ्यायच्या तयारीला लागली.

ज्याच्यावर आपण रोज रागावतो, त्याला तिथून काय दिसते, हे एकदा विचारून पाहावे. विचारल्यावर मात्र ऐकायला वेळ काढावा लागतो.